बाथरूमच्या दारावर रॅक लावण्याआधी बिजागऱ्या तपासा आणि दाराच्या वरची भिंत बघा

डोंबिवलीहून एका ताईंनी विचारलं आहे. वन बीएचके फ्लॅट, घरात चार माणसं. संडास-बाथरूम एकत्र, माप साडेसात फूट बाय चार फूट. दार पीव्हीसीचं, आत उघडणारं. खिडकीची कड सोडली तर सामान ठेवायला जागा नाही. दारावर अडकवायचा चार कप्प्यांचा स्टीलचा रॅक घ्यावा असं त्यांच्या मनात आहे, कारण मिस्टरांचं म्हणणं, "टाइलला भोक पाडलं की गळती सुरू होते."

ताई, तुमच्या दारावर तो चार कप्प्यांचा रॅक लावू नका. दोन कप्प्यांचा हलका चालेल, तोही खाली सांगतो त्या दोन तपासण्या करून. जड सामानासाठी दाराच्या वरची भिंत वापरा. ती बहुतेक घरांत रिकामी असते आणि दारापेक्षा कितीतरी जास्त वजन पेलते.

तुमचं बाथरूम मुद्दाम लहान ठेवलंय असं समजू नका. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये एकत्र संडास-बाथरूमसाठी किमान क्षेत्रफळ 2.8 चौरस मीटर आणि किमान रुंदी 1.2 मीटर दिली आहे. साडेसात बाय चार म्हणजे जवळपास तेवढंच. मुंबई-ठाणे-पुण्याच्या असंख्य फ्लॅट्समध्ये हेच माप आहे आणि प्रश्नही सगळ्यांचा हाच.

आता दार. रॅकच्या जाहिरातीत वजन पेलण्याचा जो आकडा असतो तो रॅकचा असतो, दाराचा नाही. तुम्ही सामानाची जी यादी दिली आहे ती बेरीज करून बघा. शॅम्पूची लिटरची बाटली, हँडवॉशचं रिफिल, फिनेल, टॉयलेट क्लीनर, कपडे धुण्याचं लिक्विड दोन लिटर, शिवाय तेल, साबणांचा साठा, ब्रश. लिटरमागे साधारण किलो धरला तरी आठ-नऊ किलो होतात. स्टीलच्या रॅकचे स्वतःचे तीन-चार किलो. म्हणजे दारावर बारा-तेरा किलो, आणि पोकळ पीव्हीसीचं दार स्वतःच जेमतेम तेवढ्या वजनाचं असतं. बिजागऱ्या ज्या वजनासाठी बसवल्या, त्याच्या जवळपास दुप्पट वजन त्यांच्यावर येतं. त्यातही वजन बिजागरीपासून लांब, दाराच्या मध्यावर लटकतं, त्यामुळे वरची बिजागरी चौकटीतून बाहेर ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा दार उघडतं-मिटतं. सकाळी घाईत कोणी आपटलं की तो झटका थेट वरच्या बिजागरीच्या स्क्रूंवर बसतो.

पीव्हीसीच्या दारात स्क्रू कशात बसलेत हे महत्त्वाचं. चांगल्या दारात कडेच्या पट्टीच्या आत लोखंडी चौकोनी पाइप असतो आणि स्क्रू त्यात घट्ट बसतो. स्वस्त दारात तो पाइप नसतो, किंवा कडेला असला तरी बिजागरीच्या जागी नसतो, आणि स्क्रूला फक्त प्लॅस्टिकची पातळ भिंत मिळते. बिल्डरने दिलेल्या दारात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून तपासायची एक सोपी रीत सांगतो. दार अर्धं उघडा, कडीच्या बाजूची कड दोन्ही हातांनी धरून वर उचलून बघा. वर-खाली हललं, बिजागरीपाशी कट्‌कट्‌ वाजलं, तर स्क्रू आधीच सैल आहेत. मग खाली लादीकडे बघा. दार जिथून फिरतं तिथे पाव वर्तुळाचा घासल्याचा ओरखडा उमटला असेल, तर दार उतरलेलं आहे. अशा दारावर नॅपकिनशिवाय काहीही टांगू नका. आधी वरची बिजागरी बदलून चार इंची स्टेनलेसची घाला. स्क्रू जुन्या भोकात न घालता थोडं वर किंवा खाली नवं भोक घेऊन, आत पाइप लागतोय याची खात्री करून बसवा. चौकट लाकडी असेल तर जुन्या भोकात लाकडाची काडी फेव्हिकॉल लावून ठोकली की स्क्रू पुन्हा धरतो. ग्रॅनाईटच्या चौकटीत मात्र भोकातला प्लगच बदलावा लागतो.

दुसरी तपासणी फटीची. दारावर अडकवायच्या रॅकला वर वाकवलेली पत्र्याची पट्टी असते. ती दाराच्या वरच्या कडेवरून पलीकडे जाते आणि मागे इंच-दीड इंच खाली येते. आत उघडणारं दार मिटलं की पॅसेजच्या बाजूने चौकटीच्या खाचेला टेकतं. म्हणजे पट्टीला दोन ठिकाणी जागा लागते, दाराच्या वर आणि दार व खाच यांच्या मधे. पहिली जागा सगळे बघतात, दुसरी कोणी बघत नाही. रॅक लावल्यावर दार पूर्ण मिटत नाही, कडी बसत नाही आणि घरातले दार ढकलून कडी लावायला लागतात. त्या ढकलण्यानेही बिजागऱ्या सुटतात.

यासाठी जुनी एटीएम कार्डं घ्या. बँकेचं कार्ड प्रमाणित 0.76 मिलिमीटर जाडीचं असतं, त्यामुळे दोन एकावर एक ठेवली की दीड मिलिमीटर, म्हणजे बहुतेक रॅकच्या पट्टीची जाडी. दार मिटून वरच्या फटीत ही दोन कार्डं सरकवा. डावीकडून उजवीकडे सहज फिरली पाहिजेत. मग तीच दोन कार्डं दाराच्या पॅसेजकडच्या अंगाला, वरच्या कडेलगत चिकटपट्टीने लावा आणि दार मिटून कडी घाला. कडी नेहमीसारखी बसली तर रॅक चालेल. जोर लावावा लागला तर नाही. दार लाकडी फ्लश डोअर असेल तर सुतार वरच्या कडेला पट्टीपुरती खाच मारून देतो. पीव्हीसीला तसं करता येत नाही, आतली पोकळी उघडी पडते.

लाकडी दार असलेल्यांनी हे माप मे महिन्यात घेऊन निश्चिंत होऊ नये. पावसाळ्यात फ्लश डोअर फुगतं. उन्हाळ्यात असलेली तीन मिलिमीटरची फट जुलैत उरत नाही. तुमचं दार पीव्हीसीचं आहे, त्यामुळे ही काळजी तुम्हाला नाही.

तिसरी गोष्ट जागेची. सहा इंच खोलीचा रॅक दाराच्या आतल्या अंगाला लावला की दार उघडल्यावर तो रॅक बाजूच्या भिंतीला टेकतो आणि दार पूर्ण उघडत नाही. चौकट भिंतीच्या अगदी जवळ असते त्या घरांत अडीच फुटांच्या वाटेतले चारेक इंच जातात. बादली घेऊन आत शिरताना किंवा म्हाताऱ्या माणसाला हात धरून नेताना हे चार इंच फार जाणवतात. विकत घेण्याआधी रॅकच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका दाराला चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. बेसिनला लागतो का, कमोडवर बसल्यावर गुडघ्याला लागतो का, नळाची तोटी आडवी येते का, सगळं आपोआप कळतं. मी ज्यांच्या घरी काम करतो त्यांना हे करायलाच लावतो. बरेच जण दुसऱ्या दिवशी सांगतात की रॅक नकोच.

आणि एक प्रश्न, जो रॅक विकणारा विचारत नाही: अंघोळीला गेल्यावर तुमच्याकडे कपडे कुठे अडकवतात? आपल्याकडे दाराची आतली बाजू हीच खुंटीची जागा. टॉवेल, बदलायचे कपडे, मुलांचा गणवेश, सगळं तिथेच. तिथे रॅक आला की कपडे रॅकवर पडतात, ओला टॉवेल बाटल्यांवर लोंबतो आणि पंधरा दिवसांत रॅक नको ते साठवायची जागा होतो. म्हणून दारावर रॅक घेणार असाल तर कपड्यांच्या खुंट्या आधी दुसऱ्या भिंतीवर हलवा. दोन्ही एका दारावर ठेवायला जाऊ नका.

भाड्याच्या घराची गोष्ट वेगळी. अकरा महिन्यांचा करार, मालक भोक पाडू देत नाही, डिपॉझिट अडकलेलं. तिथे दारावरचा रॅक हाच शहाणपणाचा मार्ग, कारण व्हॅक्यूमचे कप टाइलच्या सांध्यावर किंवा खडबडीत टाइलवर धरत नाहीत आणि चिकटवायच्या फळ्या वाफेने सुटतात. फक्त घेताना नीट घ्या. कप्पे दोन किंवा फार तर तीन. कप्प्यासमोरची कड अडीच-तीन इंच उंच हवी, नाहीतर दार झटक्याने उघडलं की उंच बाटली उडते. खालची बाजू मोकळी लोंबती नको. ती दाराला टेकून वाजते आणि पीव्हीसीला चरे पाडते. खाली दुहेरी टेप किंवा वेल्क्रोची पट्टी लावून ती धरून ठेवा. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून साडेतीन फुटांच्या वर राहू द्या. आपण बादली-मगाने अंघोळ करतो, पाणी तीन फुटांपर्यंत सहज उडतं आणि त्यात साबण असतो.

धातूबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे फसवणूक फार होते. "स्टेनलेस आहे, चुंबक लावून बघा" असं दुकानात सांगतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे 304 ग्रेड (जास्त निकेल असलेलं, कमी गंजणारं स्टेनलेस), असं नसतं. 202 ग्रेडलाही चुंबक बहुतेक वेळा चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असल्याने तो बाथरूममध्ये लवकर डागाळतो. त्यामुळे वस्तूवर किंवा बिलावर 304 लिहून घ्या. तारेच्या रॅकमध्ये गंज नेहमी जोडाजवळ, जिथे तारेला तार वेल्ड केली आहे तिथे सुरू होतो. पांढऱ्या किंवा काळ्या पावडर कोटिंगचा रॅक असेल तर प्रत्येक जोड बोटाने चाचपा. कोटिंग तिथे पातळ असेल तर वर्षभरात तांबूस पाणी ओघळेल. समुद्राजवळच्या घरांत, वसईपासून रत्नागिरी-गोव्यापर्यंत, ते त्याआधीच ओघळतं. तिथे चांगल्या जाड प्लॅस्टिकचा रॅक मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता मुख्य सल्ला, दाराच्या वरची भिंत. आधी बाहेरून, पॅसेजमधून बघा. जुन्या इमारतींत बाथरूमवर माळा असायचा. बाथरूमची उंची सात फुटांवर थांबवून वरची जागा पॅसेजमधून उघडी ठेवलेली असे. नूतनीकरणात लोक ती पीओपीने बंद करतात आणि विसरून जातात. पॅसेजमधून बाथरूमच्या दाराच्या वरच्या भिंतीला ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तुमच्याकडे माळा असू शकतो. तसं नसलं तरी दाराच्या वर बाहेरच्या अंगाला नऊ-दहा इंच खोलीचं बंद दारांचं कपाट बसतं. ही जागा कोरडी असते. टॉयलेट रोल, सॅनिटरी पॅडचा साठा, जादा टॉवेल यांना आतल्या दमटपणापासून बाहेर काढा. औषधं तर बाथरूममध्ये ठेवूच नयेत, ओलाव्याने आणि उष्णतेने ती खराब होतात.

आतल्या अंगाला फळी टाकायची तर तीन मापं घ्या. दाराची वरची कड, छताची किंवा फॉल्स सीलिंगची उंची आणि गीझर कुठे आहे ते. दार आत उघडतं, म्हणून फळी दाराच्या वरच्या कडेपेक्षा दोन इंच तरी वर हवी. दार सात फुटांचं असेल तर फळी सव्वासात फुटांच्या आसपास येते. वरच्या मजल्याचा बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्याखालचे पाइप झाकायला सीलिंग केलेलं असतं, त्यामुळे छत आठ फुटांवर असेल तर हातात नऊ इंचच उरतात. बुटक्या बाटल्या उभ्या मावतात, बादली मावत नाही. पाइप तपासायचं सीलिंगचं झाकण फळीच्या वर येत असेल तर फळी तेवढी आखूड करा, ते झाकण कधी ना कधी उघडावं लागतंच. गीझर दाराच्या वरच बसवला असेल तर तिथे फळीचा विचार सोडा. 25 लिटरचा भरलेला गीझर 35 किलोंच्या पुढे जातो, त्याचा व्हॉल्व्ह आणि वायर मोकळी राहायला हवी.

फळीची खोली आठ-नऊ इंच पुरे. लांबी मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण चार फूट घ्या. मागे आणि दोन्ही बाजूंना, असा तीन बाजूंनी आधार मिळाला की ती हलत नाही.

सामग्रीत लोक पहिल्यांदा कडप्पा म्हणतात. कडप्पा उत्तम, आयुष्यभर टिकतो, पण तो बांधकाम चालू असताना भिंतीत रुतवून बसवायचा दगड आहे. चार फूट बाय नऊ इंच बाय 20 मिलिमीटर म्हणजे साधारण पंधरा किलो, डोक्यावर. टाइल लागलेल्या घरात ब्रॅकेटवर तेवढा दगड ठेवायला माझी तयारी नसते. तुमच्यासाठी 18 मिलिमीटरचा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुगा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेला) किंवा पीव्हीसी बोर्ड. तीच फळी तीनेक किलोंत होते, पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही. दोष एकच, लांब अंतरावर मधे झुकते. म्हणून पुढच्या कडेला ॲल्युमिनियमचा एल अँगल लावा आणि तो अर्धा इंच वर राहू द्या. फळी झुकत नाही आणि बाटली सरकून खाली येत नाही. प्लायवूड वापरायचंच असेल तर आयएस 710 चं मरीन प्लाय, दोन्ही बाजूंना लॅमिनेट आणि चारही कडा सील केलेल्या. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड बाथरूममध्ये आणू नका.

मिस्टरांच्या भीतीबद्दल. बाथरूमची गळती होते ती जमिनीतून, जमीन-भिंतीच्या कोपऱ्यातून, पाइपच्या जोडांतून. जमिनीलगतच्या फूटभर भिंतीत भोक पाडू नये हे त्यांचं अगदी बरोबर, कारण वॉटरप्रूफिंगचा थर तिथे वर चढवलेला असतो. शॉवरच्या भिंतीवर तो थर आणखी वर नेलेला असू शकतो, म्हणून ती भिंतही सोडा. पण दाराच्या वर, सव्वासात फुटांवर, पाणी साचत नाही की धार लागत नाही. तिथल्या भोकाने गळती होत नाही.

काळजी घ्यायची ती विजेच्या वायरची. बाथरूमच्या दिव्याचं आणि गीझरचं बटण बहुधा दाराशेजारी बाहेर असतं आणि त्यातून निघालेला पाइप भिंतीतून सरळ वर जातो. स्विचबोर्डच्या वरच्या उभ्या पट्ट्यात, भिंतीच्या दोन्ही अंगांना, ड्रिल लावायचं नाही. काम करताना मेन स्विच बंद, ड्रिलची वायर शेजाऱ्यांकडून किंवा बॅटरीचं ड्रिल.

टाइलवर आधी चिकटपट्टी लावून खूण करा म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद, टाइलचं बिट, हळू गती. हॅमर चालू ठेवून सुरुवात केली की टाइलला तडा जातो. टाइल ओलांडली की मग बिट बदला. पुढे काय लागतं ते भुकटीवरून कळतं. लाल भुकटी म्हणजे वीट, साधं 8 मिलिमीटरचं फिशर (भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा प्लग) चांगलं धरतं, पण चार इंची भिंतीत भोक पलीकडे निघणार नाही एवढंच खोल घ्या. पांढरी, हलकी भुकटी आणि बिट लोण्यासारखं आत जातंय तर ती सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र एएसी ब्लॉकची भिंत. तिथे साधं फिशर फिरत राहतं, एएसी ब्लॉकसाठी मिळणारं लांब नायलॉनचं फिशर लागतं. करडी भुकटी आणि ड्रिल अडतंय म्हणजे काँक्रीट. दाराच्या लगेच वर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते, ती काँक्रीटचीच. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीने (साच्यात काँक्रीटच्या भिंती ओतून) बांधलेलं असेल तर सगळीच भिंत काँक्रीटची. सळई लागली तर जोर करू नका, भोक इंचभर बाजूला घ्या. काँक्रीटमध्ये एकदा बसलेला स्क्रू निघत नाही, म्हणून लिंटेल लागला की मला बरं वाटतं. स्क्रू सगळे स्टेनलेसचे.

वर काय ठेवायचं? जे महिन्यातून एकदा काढायचं तेच. सव्वापाच फुटांच्या बाईचा हात साडेसहा-पावणेसात फुटांपर्यंत पोचतो. वरच्या फळीसाठी स्टूल लागणार, आणि ओल्या लादीवर रोज स्टूल ठेवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. रोजचा साबण-शॅम्पू कोपऱ्यातल्या खांद्याच्या उंचीच्या छोट्या फळीवर. दाराच्या रॅकवर हलकं सामान: कंगवे, पावडर, दाढीचं साहित्य, कापूस.

टॉयलेट क्लीनर आणि फिनेल मुलांच्या हाताबाहेर हवं, म्हणून वरच्या फळीवर, पण बुटक्या टबमध्ये उभं ठेवून, झाकण घट्ट. दाराच्या स्टीलच्या रॅकवर नको. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि त्याची वाफ 304 स्टीललाही डाग पाडते. ब्लीचची बाटली त्याच टबमध्ये ठेवू नका, दोन्ही सांडून एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो आणि चार फुटांच्या बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. ब्लीच घराबाहेरच्या कोरड्या बाल्कनीत, उंचावर.

फळी बसल्यावर स्क्रूच्या डोक्यांभोवती आणि फळी-टाइलच्या सांध्यात बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, ते धातूला गंज चढवतं आणि ग्रॅनाईट-मार्बलवर डाग सोडतं. एक दिवस गरम पाण्याची अंघोळ टाळा. दुसऱ्या दिवशी फळी दोन्ही हातांनी खाली दाबून बघा आणि मगच सामान चढवा.